अण्णा, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा

वाळूज, छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप अण्णा आणि माय,
साष्टांग नमस्कार.

अण्णा, हे पत्र बापूच्या हातात देऊ नका. तुमची चौथी झालेली आहे, सावकाश लागलं तरी चालेल, पण मायला तुम्हीच वाचून दाखवा. यात आहे ते तुम्हा दोघांचंच आहे.

संक्रांतीला तुम्ही विचारलंत, "एवढं शिकतीस तर नर्सिंग कर, डी.एड. कर. ह्या समाजशास्त्रानं काय मिळतं?" मी भाकरी थापत राहिले. उत्तर होतं, पण लेकराबाळांत, चुलीपुढं सांगण्यासारखं नव्हतं.

खरं सांगायचं तर मी हा विषय आवडीनं घेतलाच नव्हता. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी हातात ऊसतोडीचा कोयता. दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून केली, तेव्हा धाकटी मांडीवर होती. बी.ए.ला नाव घातलं तेव्हा एवढंच बघितलं की कोणत्या विषयाचे तास लेकरं शाळेतून यायच्या आत संपतात.

पहिल्याच वर्षी सरांनी एमिल दुर्खिम नावाच्या फ्रेंच माणसाचं काम शिकवलं. त्यानं १८९७ मध्ये आत्महत्यांवर अभ्यास छापला. मेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते तो शोधत बसला नाही. लग्न झालेले किती, एकटे किती, कोणत्या धर्माचे किती, असे आकडे त्यानं मांडले आणि दाखवून दिलं की जीव एकेकाचा जातो, पण किती जणांचा जातो हे समाजाच्या घडीवर ठरतं. आमच्या वर्गात बीड, जालना, परभणीची लेकरं आहेत. त्या दिवशी कुणी मान वर केली नाही. सरांनीही मग उदाहरण दिलं नाही, फळा पुसला.

पुढं सी. राइट मिल्स नावाचा अमेरिकेतला माणूस आला. १९५९ मध्ये त्यानं लिहिलं ते असं, की लाख वस्तीच्या शहरात एकच जण बेकार असेल तर त्याच्यात काही खोट आहे का ते बघावं. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाची खोट शोधून भागत नाही, कामाची मांडणीच तपासावी लागते. हे मी वहीत उतरवून घेतलं आणि बसमध्ये घरी येईपर्यंत तेच पान वाचत होते. मला तुम्ही दोघं दिसत होतात.

अण्णा, माझ्या लग्नाचा राग मी तुमच्यावर किती वर्षं धरला हे तुम्हाला ठाऊक आहे. दोन दिवाळ्या मी आलेच नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला होता. जात टिकते ती जातीतच लग्नं लावून, आणि त्यापायी बाईला बांधून ठेवावं लागतं, हे त्यात आहे. तो शिकताना माझं लग्न मला नव्यानं दिसलं. आजीचे डोळे गेलेले, तुम्ही दोघं सहा महिने कोल्हापूरकडं फडात. वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि तिकडं सासरच्यांनाही जोडी हवी होती, कारण मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. माझं लग्न चुकलंच, ते मी आजही म्हणते. माझ्या पोरीचं अठराच्या आत होऊ देणार नाही. पण ती चूक तुमच्या एकट्याच्या डोक्यावर घालून मी बसले होते, ते उतरवते.

आता माय, तुझं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. मी आपल्या वाडीतल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांवर घेतला. प्रश्नावली आणि अनुसूची यांत फरक असतो. प्रश्नावली ज्याची त्यानं भरायची, अनुसूचीत आपण विचारायचं आणि आपणच लिहायचं. आपल्याकडच्या बायकांना लिहिता येत नाही म्हणून मी अनुसूची केली. दिवाळीत मी वही घेऊन दारोदार फिरत होते ते हेच. गर्भाची पिशवी काढली का, किती वर्षांची असताना, कुणी सांगितलं, पैसे कुठून आणले, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात माझा हात एकच शब्द लिहीत होता. उचल. पान उलटलं, पुन्हा उचल. आणि का काढली विचारलं की बायका लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत म्हणायच्या, "माझंच अंग वाईट होतं गं."

हेच वाक्य मी बारा वर्षांची असताना तुझ्या तोंडून ऐकलं होतं. २००४ ची गोष्ट. तू फडावरच्या कोपीतून परत आलीस ती पोटाला टाके घालूनच. अंगावरून जातंय म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलीस, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली आणि आठ दिवसांत पिशवी काढली. तू एकतीस वर्षांची होतीस. पुढच्याच हंगामात तू पुन्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढत होतीस, कारण ऑपरेशनची उचल फेडायची होती.

माय, २०१९ मध्ये सरकारनं आपल्या बीड जिल्ह्यात पाहणी केली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजार ३०९ बायकांना विचारलं. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक. एवढ्या साऱ्या बायकांचं अंग वाईट कसं असेल? फडात ना संडास, ना आंघोळीला आडोसा. पाळीत तेच कापड, तेही नीट धुवायला पाणी नाही. पहाटे तीनला उठायचं, गाडी भरायची वेळ येईल तेव्हा, रात्री-बेरात्री, पुन्हा उठायचं. दुखलं म्हणून एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशोबातून कापले. अशा कामात पाळी म्हणजेच तोटा. मग पिशवी काढून टाकली की कटकट मिटली, असं मुकादमाला, डॉक्टरला आणि शेवटी आपल्यालाही वाटायला लागतं.

तुझं अंग चांगलं होतं, माय. दर हंगामात तू गाड्या भरल्यास, पट्टा पडला, हंगाम संपला की घरी येऊन घर सारवलंस, चौघांना वाढवलंस.

आणि अण्णा, तुम्ही त्या सालानंतर मायपुढं मान वर करून बोलत नाही, हे मला दिसतं. सही तुम्ही केली होती. आपण बायकोला नीट डॉक्टरकडं नेलं नाही, असं तुम्ही एकदा माझ्या नवऱ्याजवळ बोललात, त्यानं मला सांगितलं. त्या कागदावर सही करण्यावाचून तुमच्या हातात दुसरं काय होतं? खिशात मुकादमाचे पैसे, समोर कॅन्सरचं नाव. मी इतक्या घरांत विचारलं, प्रत्येक घरात सही नवऱ्याची होती आणि प्रत्येक नवरा बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता.

मला काय मिळालं म्हणता, तर हे मिळालं. नोकरीचंही बघते आहे. बी.ए. झाल्यावर एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.ए. करीन, फॉर्म निघाले की भरीन.

माझ्या वहीत एक पान कोरं आहे. वाडीतल्या सगळ्या घरांत गेले, आपल्या घरी मात्र विचारायचं धाडस झालं नाही. पुढच्या शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. माय, सांगावंसं वाटलं तर सांग, मी लिहून घेईन. तुझं नाव कुठं येणार नाही. नाही वाटलं तर राहू दे, बाजरी निवडायची राहिली आहे ना, ती दोघी मिळून निवडू. अण्णा, तुम्ही ओट्यावर जाऊ नका. तिथंच बसा.

तुमची,
थोरली