माशाला काही झालं की कॅप्सूल कशाला?

संपादक साहेब, नमस्कार,

इंदुरात हल्ली घरोघरी फिशटँक दिसतात, छानच आहे, पण गोल्डफिश जरा सुस्त पडला की दुकानदार सरळ टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकची कॅप्सूल काढून देतो आणि लोक ती फोडून पाण्यात टाकून मोकळे. आजार कोणता, टँक किती लिटरचा, कोण विचारतंय!

आता गोल्डफिश काय, कार्प काय, या माशांना जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, आणि तिथे सेटोबॅक्टेरियम नावाचे जंतू ठाण मांडून असतात जे व्हिटॅमिन बी १२ बनवतात. म्हणून कार्पला किंवा तिलापियाला खाण्यातून वेगळं बी १२ लागत नाही, पण चॅनल कॅटफिशला लागतं, त्याच्याकडे हे जंतू फारसे नसतात. (आपण शाकाहारी मंडळी बी १२ ची इंजेक्शनं घेत फिरतो आणि कार्पचं घरच्या घरी भागतं!) अँटिबायोटिक काही निवडून मारत नाही, रोगाच्या जंतूंबरोबर हे पण जातात, शिवाय फिल्टरच्या स्पंजात अमोनिया संपवणारे जंतू असतात त्यांनाही फटका बसतो, मग अमोनिया वाढतो, मासा वर येऊन तोंड उघडत बसतो, आणि दुकानदार म्हणतो अजून एक टाका.

बरं, ज्या एरोमोनास नावाच्या रोगजंतूच्या नावाने औषध खपतं तो धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. पाणी घाण झालं, गर्दी झाली, मासा अशक्त झाला की मग तो डोकं वर काढतो. म्हणजे आधी पाणी बघा ना! नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीनवालं, त्यात अँटीक्लोरीन घातल्याशिवाय ते टँकमध्ये नको, पाव-बिस्किटं तर अजिबात नको, आणि मोठ्या गोल्डफिशला दोन-चार दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही.

आणि हे औषधाचं पाणी शेवटी नालीतच ओततात ना? औषधाला न जुमानणारे जंतू अशानेच तयार होतात, पण स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या आपल्या शहरात यावर कोणी बोलत नाही.

महूला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिथल्या एखाद्या डॉक्टरांकडून पाळीव माशांच्या आजारांवर लेख लिहून घ्याल का? कोणती लक्षणं दिसली की खरंच औषध लागतं आणि किती, एवढं जरी छापलंत तरी कात्रण कापून टँकवर चिकटवीन.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर