सौर प्रकल्पाच्या कुंपण सुरक्षा यंत्रणेबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रडार, थर्मल कॅमेरे व कुंपणावरील कंपन सेन्सर यांची सदोष जोडणी

महोदय,

धुळे जिल्ह्यातील आमच्या सौर प्रकल्पावर आपण बसवलेली यंत्रणा सध्याच्या स्थितीत आम्ही ताब्यात घेणार नाही. सुटे तपासले तर प्रत्येक उपकरण चालू आहे. दोष आहे तो ती एकत्र जोडण्यात.

सर्वांत गंभीर बाब अलार्मच्या नियमाची. खोटे अलार्म कमी व्हावेत म्हणून आपल्या अभियंत्यांनी तिन्ही सेन्सरचा दुजोरा मिळाला तरच अलार्म वाजावा, अशी अट घातली आहे. कंपन सेन्सरला कुंपण हलल्याशिवाय काहीच कळत नाही. त्यामुळे रडारला माणूस कुंपणाबाहेर 60 मीटरवर दिसला तरी नियंत्रण कक्षात शांतता. मग रडारवर पैसे कशासाठी घातले? शिवाय प्रत्येक सेन्सर 10 पैकी 9 वेळा माणूस पकडतो आणि एकाची चूक दुसऱ्यावर अवलंबून नाही असे धरले, तरी तिघांचे एकमत 100 पैकी 73 वेळाच होईल. दाट धुक्यात उष्णतेवरून चित्र काढणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला दिसेनासे झाले की तेवढेही नाही.

नियम विभागवार हवेत. कुंपणाबाहेर रडार किंवा थर्मल, कोणीही एकाने पाहिले की सूचना यावी. दोघांनी पाहिले तर तिचे प्राधान्य वाढावे. कुंपणावर कंपनानंतर 10 सेकंदांत बाकीच्या दोहोंपैकी एक जुळला की थेट अलार्म. नुसते कंपन आले तरी फिरता कॅमेरा त्या भागाकडे वळलाच पाहिजे.

तो वळतो, पण चुकीच्या जागी. रडारची उत्तर दिशा लोखंडी मनोऱ्याजवळ होकायंत्र धरून ठरवलेली दिसते. ती 2 अंशांनी सरकली आहे. 400 मीटरवर ही चूक 14 मीटरची होते. तिथे झूम केलेल्या चित्राची रुंदी सुमारे 17 मीटर, म्हणजे मध्यापासून साडेआठच. माणूस चौकटीबाहेर राहतो आणि ऑपरेटर रिकामे गवत पाहून अलार्म बंद करतो. जीपीएसने मोजलेल्या तीन-चार जागी धातूचे परावर्तक उभे करून रडार व कॅमेरा नव्याने जुळवावेत. रडार सर्व्हर आणि रेकॉर्डरच्या घड्याळांत 4 सेकंदांचा फरक आहे, तोही काढावा; त्यामुळे एकच माणूस पडद्यावर दोनदा उमटतो.

करारात 35 मिमीची थर्मल लेन्स ठरली होती. चार मनोऱ्यांवर 19 मिमीची निघाली. 17 मायक्रॉन आकाराच्या पिक्सेलच्या सेन्सरवर 500 मीटरवरचा माणूस 35 मिमीने उंचीत 7 पिक्सेल भरतो, 19 मिमीने जेमतेम 4. तेवढ्यात माणूस की रानडुक्कर हे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. मे महिन्यात तापलेली जमीन शरीराच्या तापमानाजवळ येते, तेव्हा तर तेही पुसट होतात.

15 दिवसांत दुरुस्ती करून आमच्यासमोर चाचणी द्यावी: दिवसा, संध्याकाळी आणि रात्री, चालत, वाकून आणि रांगत, रडारच्या दिशेने आणि त्याला आडवे. आडव्या चालीत डॉप्लर (माणूस जवळ येताना किंवा दूर जाताना परतणाऱ्या रडार लहरींत होणारा बदल) क्षीण होतो, म्हणून ती चाचणी वगळलेली चालणार नाही. तोपर्यंत अंतिम हप्ता रोखून ठेवला आहे.

आपला,
सुरक्षा विभाग प्रमुख