फोंडा घाटाला निघताना

कोल्हापूर,
१० डिसेंबर

प्रिय सतीश,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटानं कोकणात उतरायचा बेत केलास, झकास! गगनबावड्याच्या घाटापेक्षा मला हाच रस्ता उजवा वाटतो. घाट लागायच्या आधीच जंगल सुरू होतं.

उजाडताना निघ. राधानगरी पंचावन्नेक किलोमीटर, तिथून दाजीपूर तीसेक. निघण्यापूर्वी, गाडी थंड असतानाच टायरमधली हवा बघ. हळदी-भोगावतीच्या पट्ट्यात सध्या उसाचा हंगाम आहे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागं लाल दिवा असेलच असं नाही. पुढची ट्रॉली दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नको.

राधानगरीला शाहू महाराजांचं धरण बघ. सात दरवाजे, पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपोआप उघडणारे. आत्ता बंदच असणार म्हणा.

पुढं गव्यांचं राज्य. १९५८ पासून अभयारण्य, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. अंधारात गव्याचं काळं अंग दिसतच नाही, गुडघ्याखालचे पांढरे पाय तेवढे चमकतात. एक आडवा गेला की लगेच गाडी काढू नको, मागं कळप असतो. हॉर्न नको, लाइट डिम कर, थांब.

आता घाट. तुझी गाडी ऑटोमॅटिक, म्हणून मुद्दाम लिहितो. उतार लागायच्या आधीच 'डी'वरून (ड्राइव्ह) 'एल' (लो) किंवा मॅन्युअलला दुसऱ्या गिअरवर टाक. गाडी इंजिननं धरायची; ब्रेक वळणापुरता, दाबून सोडायचा. पाय सतत ठेवलास तर पॅड तापतात, करपट वास येतो, पुढं ब्रेक ऑइल उकळून पेडल खाली बसतं. तसं झालंच तर मोकळी जागा बघून अर्धा तास थांब. चाकांवर पाणी मारू नको, डिस्क वाकडी होते. आणि न्यूट्रलला पेट्रोल वाचतं हे डोक्यातून काढ. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की हल्लीच्या इंजिनात इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला उलट चालूच राहतं.

धुकं आलं तर फुल लाइट लावू नको, पुढं नुसती पांढरी भिंत उभी राहते. काचेवर वाफ धरली की एसी लावून हवा काचेकडे वळव. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, ट्रक असेल तर आधीच.

परतीच्या चढाला टेंपरेचरचा काटा वर गेला तर एसी बंद कर. घाटात रेंजचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून घे. वहिनींना वळणं लागतात ना? पुढच्या सीटवर बसव.

तुझा,
विजू