चिऊचा आवाज बसलाय, काळजी नको

प्रिय आई-बाबा,

चिऊ फोनवर बोलली नाही म्हणून तुम्ही दोघं काळजी करत बसला असाल, ओळखते मी तुम्हाला. अहो तिचा आवाज बसलाय, बाकी पोरगी मस्त खेळतेय. काल पाणी हवं होतं तर नुसते ओठ हलवून ग्लासकडे बोट, मग स्वतःच हसत सुटली आणि त्या हसण्यालाही आवाज नाही!

सर्दीच्या व्हायरसने स्वरयंत्राला सूज आलीये, स्वरतंतू सुजले की नीट थरथरत नाहीत मग आवाज घोगरा येतो नाहीतर नुसती हवा. आठवडाभरात सुटेल म्हणाले डॉक्टर. आणि बाबा, अँटिबायोटिक का नाही दिलं हे विचारणारच तुम्ही, व्हायरसवर ते चालतच नाही हो, उगाच पोट बिघडायचं.

शनिवारी चिऊ आणि छोटा दोघं तुमच्याकडे येतायत. आई, तिला "कानात सांग" म्हणू नकोस, कुजबुजताना घशावर उलट जास्त ताण येतो, बोललीच तर साध्या आवाजात आणि थोडंच. पाणी घोटघोट देत राहा. रात्री चमचाभर मध चालेल, दोघंही वर्षाच्या पुढची आहेत. गरम पाण्याच्या भांड्यावर वाफ मात्र अजिबात नको, पोरं भाजतात. ताप आला तर पॅरासिटामॉल, डोस बाटलीवर लिहून देते, बाबांची अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना कधीच नाही.

मला खरं टेन्शन छोट्याचं आहे, त्याला लागण झाली तर. दीड वर्षाच्या मुलाची श्वासनळी इतकी अरुंद असते की तेवढ्याच सुजेने श्वास अडू शकतो. रात्री अचानक कुत्रं भुंकल्यासारखा खोकला आला तर त्याला उभं धरून शांत करा, रडला की आणखी वाढतं, आणि मला लगेच फोन, कितीही वाजले असू देत. पण शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येतोय, फासळ्यांखालची कातडी आत ओढली जातेय, ओठ निळसर दिसतायत किंवा गिळता न आल्याने लाळ गळतेय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल, मला फोन नंतर. चमचा घालून घसा बघत बसू नका, त्याने श्वास आणखी अडू शकतो.

चिऊचा आवाज तीनेक आठवड्यांनीही नाही सुटला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवू, एरवी ओरडते किती ती, त्यानेही स्वरतंतूंवर गाठी येतात म्हणे. औषधांची पिशवी तिच्या बॅगेत वरच ठेवते.

तुमची,
ताई