गाडीवाटेवर फाटक कुणी लावले?

महोदय,

नाशिकच्या वाइन पर्यटनावर हल्ली आपल्या पानांतून बरेच छापून येते. वाइनरी, टेस्टिंग रूम, गंगापूर धरणावरचा सूर्यास्त, सगळे येते. त्या बागांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटा मात्र कुणाला दिसत नाहीत, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त तलाठी. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मी तलाठी म्हणूनच रिटायर झालो आणि गावांत अजून ‘भाऊसाहेब’च आहे.) नोकरीची बरीच वर्षे दिंडोरी तालुक्यात गेली. दोन वर्षांपूर्वी मुलीने ग्रॅव्हल बाईक घेऊन दिली. दिसायला रेसच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेले; पण टायर 40 मिलिमीटरचे आणि हवा जेमतेम 35 पीएसआय. मुरूम असो, खडी असो, ती खडखडत का होईना, जाते. टायरात ट्यूब नाही, दुधासारखे द्रावण असते. बाभळीचा काटा घुसला की थोडे फसफसते आणि भोक आपोआप बुजते. सौभाग्यवती म्हणाल्या, “नोकरीत मोटरसायकलवर फिरलात, आता पेन्शनीत सायकल.”

तेव्हापासून दर रविवारी सहाला घर सोडतो. रामशेजच्या पायथ्याला आशेवाडीपर्यंत डांबरी, मग शिवारात घुसायचे. पायांत दम असला तर वाघाड धरणाकडे, पाटाच्या कडेच्या रस्त्याने. कधी सावरगाववरून कश्यपी धरणाकडे. पेठच्या अंगाला गेले की बागा संपतात, सागाचे रान लागते, चढ असा की सर्वांत हलका गिअर टाकूनही मी उतरून ढकलतो. साठीनंतर त्यात लाज कसली!

सायकलच्या वेगाने बाग नीट दिसते. खायच्या द्राक्षाचा मांडव वेगळा, वाइनच्या द्राक्षाच्या उभ्या तारांवरच्या रांगा वेगळ्या. वाइनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. जानेवारीत निर्यातीच्या बागांत मण्यांवर गुलाबी छटा येऊ नये म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला असतो. एकदा पाणी प्यायला थांबलो तर समोरच्या घडावर गेल्या वर्षीचा अग्रलेख. माझे हे पत्रही पुढच्या हंगामात कुठल्यातरी थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या घडावर दिसेल, त्याला माझी हरकत नाही.

आता तक्रार. गेल्या महिन्यात अशाच एका वाटेवर लोखंडी फाटक आडवे आले. दोन्ही बाजूंना काटेरी तार, वर ‘खासगी मालमत्ता’ अशी पाटी. आत बंगल्यांचे प्लॉट आखलेले, कोपऱ्यांवर पांढरे दगड. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी गावे एक-दोन नाहीत. फाटकावरचा वॉचमन गावातलाच निघाला. मला ओळखून खुर्चीवरून उठला. म्हणाला, “भाऊसाहेब, आमचा बाप ह्याच वाटेनं बैलगाडी न्यायचा. पण मी पगारी माणूस, काय करू?”

त्याच्या बापाची ही गाडीवाट सरकारी नकाशावर आहे. गाव नकाशा उघडून पाहावा. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. घोळ इथेच होतो, कारण हे क्षेत्र लगतच्या गटांतच मोजलेले असते आणि सातबारावर त्या रस्त्याची बहुतेक ठिकाणी वेगळी नोंद नसते. प्लॉट घेणारा शहरातला माणूस सातबारा पाहतो, गाव नकाशा पाहत नाही. विकणारा नकाशा दाखवत नाही. मग तारेचे कुंपण गटाच्या हद्दीवर पडते आणि वाट आत जाते.

कायदा नाही असे नाही. 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदार असा अडथळा काढायला लावू शकतात. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो आणि तो लावायचा असतो त्या वाटेने आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याने. आमच्यासारख्या रविवारच्या सायकलवाल्याला तिथे कोण विचारतो? आणि फाटकापलीकडच्या शेवटच्या शेतकऱ्यानेही जमीन विकलेली असली, तर दावा लावणार कोण? माझ्या नोकरीच्या काळात वाटेवरून भावाभावांची डोकी फुटलेली पाहिली आहेत. आता भांडायलाच कुणी उरत नाही, आणि वाट गपचूप जाते.

दुसरी भीती उलट्या बाजूची. 2027च्या सिंहस्थासाठी जिल्ह्यात रस्त्यांची कामे जोरात आहेत आणि ज्याला त्याला वाटते की रस्ता म्हणजे काँक्रीट. काळ्या मातीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल होतो, द्राक्षाचे क्रेट भरलेला टेम्पो बागेतून निघायला हवा, हे मला कुणी सांगायला नको. पण त्याला चांगला दाबलेला मुरूम आणि दोन्ही बाजूंना नीट काढलेली चारी बहुतेक ठिकाणी पुरते. चारीच काढायची नाही आणि दरसाल चिखल झाला म्हणून काँक्रीटची मागणी करायची, हे मी खात्यात असतानाही पाहिले आहे. रस्ता काँक्रीटचा झाला की शनिवारी-रविवारी त्यावर शहरातल्या मोटारी येतात, मोटारींमागून प्लॉटवाले येतात, आणि पुढच्या वाटेवर आणखी एक फाटक.

इटलीत टस्कनीच्या द्राक्षबागांच्या डोंगरांत अशाच पांढऱ्या खडीच्या वाटा आहेत. त्यांच्यावर डांबर पडू लागले, तेव्हा त्या वाचाव्यात म्हणून 1997 साली गायोले नावाच्या छोट्या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी निघाली, ‘लेरोईका’. पहिल्या वर्षी 92 जण होते. आज जगभरातून हजारो लोक तिथे जातात आणि 200 किलोमीटरहून मोठा मार्ग पाट्या लावून बाराही महिने खुला ठेवलेला आहे. तिथल्या वाटा उरल्या म्हणून तिथली वाइन प्यायला जाणारा माणूस दोन दिवस जास्त राहतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली सायकलवर अमेरिका आडवी पार केली. या शहराला सायकल नवी नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी निदान दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर या दोन तालुक्यांतल्या दुहेरी तुटक रेषा भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घ्याव्यात, हद्दीचे दगड रोवावेत आणि प्लॉटच्या परवानगीच्या कागदाला गाव नकाशाचा उतारा सक्तीने जोडायला लावावा. फार पैसा लागत नाही. मोजणीदार लागतात, ते कमी आहेत, हेही मला ठाऊक आहे.

सायकलवाल्या पोरांनाही दोन शब्द सुनावतो. बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असेल तर थांबा, ते धुके नव्हे, औषध आहे. 2008 साली नाशिकजवळच्या बोरगडचे जंगल संवर्धन राखीव झाले, तिथे गिधाडांसाठी माणसांनी वर्षानुवर्षे राबून रान राखले आहे. तिथल्या पायवाटांवर चाके घालू नका. आणि बांधावर थांबलात तर घड तोडून फोटो काढू नका. त्या घडामागे छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणे), थिनिंग (मणी विरळ करणे) असा सहा महिन्यांचा खर्च असतो, आणि तुमच्यामागून येणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. मी खाल्ल्या आहेत.

निघताना वॉचमन म्हणाला होता, “नकाशा असंल तर आणा, साहेबांना दाखवतो.” रीतसर अर्ज करून गाव नकाशाची नक्कल काढली आहे, त्या रेषेवर लाल पेन्सिलने खूण केली आहे. येत्या रविवारी घेऊन जातो. फाटक उघडले तर पलीकडे तीन किलोमीटर मुरूम आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी, म्हसरूळ, नाशिक