अरबी समुद्रावर छोट्या उपग्रहांची पाळत हवी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागं एकदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या येळ्ळूर शिवारात भात कापून पसरलेलं होतं आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा झाला म्हणून तीन दिवस पाऊस लागून राहिला, मोबाईलवर इशारा आला तोवर अर्धं रान भिजलेलं. चौथ्या दिवशी लोंबी उचलून बघतोय तर दाण्याला पांढरे मोड आलेले, आईनं ती हातात धरली आणि काही बोललीच नाही. तेव्हापासून हवामानाचं जे मिळेल ते मी वाचतोय.

आपला इन्सॅट-3डीएस हा हवामानाचा उपग्रह फेब्रुवारी 2024 मध्ये गेला, सव्वादोन टनांचा, 36 हजार किलोमीटरवरून रात्रंदिवस आपल्याकडे बघतो, त्याचं काम मोठंच आहे. पण दाट ढग असले की त्याला दिसतो ढगांचा माथा. वादळाच्या पोटातलं बघायला ढगांतून आरपार येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी टिपाव्या लागतात, आणि तसले उपग्रह बरेच खालून पृथ्वीभोवती फिरतात, एकदा डोक्यावरून गेला की परत त्याच जागी यायला कित्येक तास जातात आणि तेवढ्यात वादळ जोर धरतं.

नासानं मग एका मोठ्याऐवजी अनेक छोटे सोडले. 2016 मध्ये सायग्नस नावाच्या मोहिमेचे 8 उपग्रह एकाच रॉकेटनं गेले. जीपीएसचे सिग्नल समुद्रावर आपटून वर येतात ते हे पकडतात, पाणी जेवढं खवळलेलं तेवढा सिग्नल विस्कटतो, त्यावरून वाऱ्याचा वेग काढतात, आणि मुसळधार पावसातही हे चालतं! 2023 मध्ये मायक्रोवेव्हनं वादळाच्या पोटात बघणारे ट्रॉपिक्स मोहिमेचे 4 गेले, एकेक साधारण 5 किलोचा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचेच 2 उपग्रह रॉकेटबरोबर गेलेच होते वाया, तरी काम थांबलं नाही, छोट्याचा हाच फायदा.

आपल्याकडे काय कमी आहे? ऑगस्ट 2024 मध्ये इस्रोनं आपल्याच एसएसएलव्ही रॉकेटनं ईओएस-08 हा छोटा उपग्रह सोडला, त्यावर सायग्नससारखंच परतलेले सिग्नल वाचणारं उपकरण आहे. रॉकेट आहे, उपकरण आहे, मग तसे सहा-आठ अरबी समुद्रावरून फिरते ठेवा की. इशारा अर्धा दिवस आधी आला असता तर आम्ही भात गोळा करून ताडपत्रीखाली घातलं असतं. आमच्या खासदारांनी संसदेत हे विचारावं आणि तुमच्या पेपरानं ते लावून धरावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव