गाठी निघाल्या, टाक्यांची नोंद मात्र सापडली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला गर्भाशयातल्या गाठींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘गाठी काढलेल्या बाईचं सिझेरियनच करावं लागतं’ या वाक्याला माझी हरकत आहे. गंमत म्हणजे माझ्या गाठी काढल्या होत्या आणि माझं सिझरच झालं. तरीही हे वाक्य सरसकट खरं नाही, आणि माझ्या बाबतीत ते का खरं ठरलं ते कळवण्यासारखं आहे.

मी एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. कुठलं पत्र कोणत्या तारखेला कुणाच्या टेबलावर गेलं ते मी दोन मिनिटांत काढून देते. माझ्याच पिशवीला टाके कुठे आणि किती खोल पडलेत, हे मात्र मला सांगता आलं नाही.

एकतिसाव्या वर्षी माझ्या पिशवीत चार गाठी निघाल्या. सगळ्यात मोठी आठ सेंटिमीटरची. पाळीत इतकं अंगावरून जायचं की हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. पहिल्या डॉक्टरांनी पिशवीच काढून टाकायचा सल्ला दिला. दुसऱ्यांनी नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येईल असं सांगितलं, आणि आधी रक्त भरून काढून पोट उघडून तसं केलंही. (व्हिक्टर बॉनी या ब्रिटिश सर्जनच्या पत्नीची पिशवी अशाच गाठींपायी काढावी लागली आणि त्यांना मूल झालं नाही. पुढे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पिशवी राखून गाठी काढण्याचा सर्वात मोठा पुरस्कर्ता तोच ठरला. हे वाचलं तेव्हा मला त्या पहिल्या डॉक्टरांची आठवण झाली.) शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरी जाताना हातात डिस्चार्ज कार्ड मिळालं, त्यावर एवढंच होतं: मायोमेक्टॉमी (म्हणजे गाठी काढण्याची शस्त्रक्रिया) केली, प्रकृती स्थिर, टाके आठव्या दिवशी. सहा महिने दिवस जाऊ देऊ नका, हे तोंडी सांगितलं.

तीन वर्षांनी दिवस गेले. नव्या डॉक्टरबाईंनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “आतलं अस्तर उघडलं होतं का?” मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. “भिंतीचे टाके किती थरांत घेतले?” तेही माहीत नाही. “मोठी गाठ पुढे होती की मागे?” मला फक्त पोटावरचा व्रण ठाऊक होता. तो कमरेखाली आडवा आहे आणि सुरेख भरलाय. बाई हसल्या. म्हणाल्या, पोटावरच्या व्रणावरून पिशवीवरच्या व्रणाचं काही कळत नाही. दुर्बिणीने केलेल्या बायकांनाही वाटतं की आपली जखम छोटी. पोटावर तीन-चार भोकंच असतात खरी, पण गाठ भिंतीत खोल असेल तर आतली चीर मोठीच पडते, आणि तिथे टाके नीट थरांत घालणं दुर्बिणीतून जास्त कठीण.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी उलटा पेरू काढला, ती पिशवी, आणि त्यावर गाठींचे ठिपके दिले. गाठ कुठे आहे त्यावरून तिला ० ते ८ असा क्रमांक देतात. पोकळीत देठाने लोंबणारी गाठ क्रमांक शून्य. ती योनीमार्गे दुर्बीण घालून काढतात, पोटाकडून भिंत कापावी लागत नाही. पिशवीच्या बाहेरच्या अंगाला देठाने लटकणारी सातची. ती काढतानाही स्नायू फारसा कापला जात नाही. अशा बायकांना दुसरी काही अडचण नसेल तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, फक्त सगळी सोय असलेल्या ठिकाणी आणि नीट लक्ष ठेवून. भिंतीच्या आरपार चीर गेली असेल, किंवा भिंत अनेक जागी कापली असेल, तर कळा सुरू होण्याआधीच ठरवून सिझर करतात. सिझरचा व्रण सहसा पिशवीच्या खालच्या, पातळ भागात असतो. गाठीचा व्रण बहुतेकदा वरच्या भागात, जिथे कळांचा जोर लागतो. तो उसवण्याचा धोका तसा कमी, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण उसवला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. आणि तो कळांची वाट पाहतोच असं नाही, शेवटच्या महिन्यांत आधीही उसवू शकतो.

माझा व्रण यातला कोणता, हे लिहिलेला कागद हवा होता. मी जुन्या रुग्णालयात तीनदा गेले. पहिल्या खेपेला सांगितलं, अर्ज द्या. दुसऱ्या खेपेला, दप्तर दुसऱ्या इमारतीत हलवलंय. तिसऱ्या खेपेला फाइल मिळाली. तिच्यात तापाचे तक्ते होते, औषधांची बिलं होती, भुलीच्या संमतीवर माझीच वेडीवाकडी सही होती. शस्त्रक्रियेची नोंद तेवढी नव्हती. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर तिथून गेले होते. फोनवर भेटले, अगदी आपुलकीने बोलले, पण तीन वर्षांपूर्वीच्या एका पिशवीचं त्यांना काय आठवणार?

मग नव्या डॉक्टरबाईंनी चीर आरपार गेली असावी असं धरूनच सगळं आखलं. मला ते पटलं, आजही पटतं. पण कागद नसल्याची किंमत पुढे रोज मोजावी लागली. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार नेमकी कुठे चिकटली आहे ते लांबवर पाहत बसले, कारण ती जुन्या व्रणावर असेल तर सुटताना अडचण येऊ शकते, आणि व्रण कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं. बत्तिसाव्या आठवड्यात रात्री दोनला पोटात कळ आली. एकदम जोरात पोट दुखलं, रक्त गेलं, चक्कर आली किंवा बाळाची हालचाल मंदावली तर घरी थांबायचं नाही, हे मला पाठ करून दिलं होतं. धावत गेलो. रात्रभर पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकत पडले. सकाळी कळलं, गॅस होता.

३७ आठवडे पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी सिझर झालं. कमरेखाली बधिर असले तरी पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं. मुलगी रडली, तिला बाजूला नेलं, आणि मग डॉक्टरबाई मदतनीस डॉक्टरांना म्हणाल्या, “मागे हात घालून बघ. वरच्या बाजूला. लागतोय? जाड आहे, छान भरलाय.” इतके महिने मी जे विचारत फिरत होते त्याचं अर्धं उत्तर मला असं आडवं पडून मिळालं. उरलेलं अर्धं, म्हणजे अस्तर उघडलं होतं की नाही, ते बाहेरून हात लावून कळत नाही. आतडं थोडं मागच्या बाजूला चिकटलेलं होतं, ते सोडवायला वेळ गेला.

मुलगी दोन किलो सातशे ग्रॅमची. कळांशिवाय आणि थोडी लवकर जन्मलेल्या बाळांचा श्वास कधीकधी सुरुवातीला जलद चालतो, तसा तिचा चालला, आणि एक दिवस तिला नजरेखाली ठेवावं लागलं. कागद सापडला असता तर दोन आठवडे थांबता आलं असतं का? मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही.

गाठी काढून घेणाऱ्या बायकांना माझं सांगणं एवढंच आहे की डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्या. तिच्यात गाठी किती, कुठे, केवढ्या, चिरा किती, अस्तर उघडलं का, टाके किती थरांत, आणि पुढच्या बाळंतपणाबद्दल सर्जनचं मत काय, हे असायला हवं. मत आजच लिहून घ्या, कारण आज त्यांनी पिशवी डोळ्यांनी पाहिलेली असते. डॉक्टरमंडळींनाही विनंती, ही अर्ध्या पानाची नोंद बाईने न मागताच द्यावी. भुलीतून नुकती उठलेली बाई काय मागणार?

माझ्या सिझरची नोंद मी घरी जायच्या आधी हातात घेतली. तिच्यात आणखी एक ओळ आहे: पुढच्या भिंतीत दोन सेंटिमीटरची नवी गाठ, रक्तस्रावाच्या भीतीने काढली नाही. तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत. एक मुलीच्या लसीकरणाच्या कार्डासोबत घरी आहे, एक ऑफिसच्या कपाटात.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)